खाडीचा अभ्यासक्रम, कलम सात

पनवेल
सोमवार, ३ जानेवारी १९९४, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे

आदरणीय रमा मॅडम,

आत्ता रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. मुलांचे प्रात्यक्षिक आटोपले, बावीस ब्युरेट धुऊन उलटे लावले, एकाची तोटी गळत होती ती व्हॅसलीन लावून बसवली, हात कोरडे केले आणि मगच खाडीच्या अभ्यासक्रमाचा आपला मसुदा उघडला. आपल्या भावाने तो काल आमच्याकडे खांदा कॉलनीत आणून दिला. पाने चौतीस आहेत. सुटी होती, म्हणून आधी क्रमांक घातले.

मणक्याच्या दुखण्यात पाठीवर पडून, पेन्सिलीने आपण एवढे लिहिलेत हे पाहून काय वाटले ते लिहीत नाही. अक्षर काही ठिकाणी लागत नाही. पान ११, १९ आणि २६ वर शब्द पुसट आहेत.

विद्यापीठाची शेवटची तारीख १५ जानेवारी आहे. त्यामुळे सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिल १० तारखेपर्यंत कापून व्हायला हव्यात. टाइपरायटर कुमुदताईंच्या टेबलावर असतो, आणि त्या तो मला फक्त चारनंतर देतात. हेडक्लार्क आहेत, त्यांना नाही म्हणता येत नाही. रोज चार पाने झाली तरी वेळ पुरत नाही. म्हणून मसुद्यातील शंका पत्राने विचारून उत्तराची वाट पाहणे जमेल असे वाटत नाही. काय करावे?

चार विभागांच्या संमतीपैकी वनस्पतिशास्त्राची आपलीच आहे. रसायनशास्त्राचे अब्दुल्ला सर म्हणाले, "अरे, खाडीचं पाणी काय कुणाच्या अब्बाजानचं आहे? आण कागद," आणि उभ्याउभ्या सही केली. मराठीच्या सरांनी तिवरांना गावोगाव कोणती नावे आहेत ते पाऊण तास सांगितले, पण सही राहिली. अर्थशास्त्राचे सर मात्र म्हणाले, "खाडीत उतरायला मी काय खेकडा आहे?" सगळे हसले. मीही हसलो. एक विभाग गळाला तर याला चार विभागांचा अभ्यासक्रम कसे म्हणणार?

आपण दिलेल्या चारशे रुपयांचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवला आहे.

चारुदत्त


पुणे
८ जानेवारी १९९४

प्रिय चारुदत्त,

तुझं पत्र आज सकाळी आलं. मी उताणी पडून छताकडे बघत असते, त्यामुळे पोस्टमन ही माझ्या दिवसातली सगळ्यात मोठी घटना असते.

आधी खेकड्याचं. त्यांच्याशी वाद घालू नकोस. तिसऱ्या पेपरचं पान त्यांच्यापुढे ठेव: जमीन, मिठागरं आणि नुकसानभरपाई. आणि एवढंच विचार, "सर, तुमच्या वडिलांच्या मिठागराचा भाव कोणी ठरवला होता?" पंधरा वर्षं ते हे स्टाफरूममध्ये प्रत्येकाला ऐकवतायत. आता वर्गात ऐकवा म्हणावं.

शंकांसाठी थांबू नकोस. माझ्या चुका तुझ्या हवाली. माझ्या प्रत्येक नोटिशीतलं ऱ्हस्व-दीर्घ तू गेली तीन वर्षं गुपचूप दुरुस्त करतोयस, हे मला माहीत नाही असं समजू नकोस.

फक्त एक कर. कलम सात नीट वाच. घाईत नको. एकटा असशील तेव्हा वाच.

हा प्रस्ताव मी तिसऱ्यांदा पाठवतेय. पहिल्यांदा म्हणाले, हा विषयच नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, हा चार विषयांचा काला आहे. मी म्हटलं, खाडी कधी विषय बघून वाहते का? ते काही त्यांना आवडलं नाही. या वेळी समिती जागा बघायला येणार आहे, म्हणजे थोडी तरी आशा आहे. समितीला खाडीत न्यायची तारीख आपणच सुचवायची आहे. ओहोटी हवी, चिखल उघडा दिसायला हवा.

रमा


पनवेल
गुरुवार, १३ जानेवारी १९९४

आदरणीय मॅडम,

आपले पत्र काल मिळाले. स्टेन्सिल १० तारखेलाच संध्याकाळी साडेसहाला पूर्ण झाल्या. एक खराब झाली, ती नव्याने कापली. पंचवीस प्रती काढल्या आणि त्यांतल्या दहा रजिस्टर्ड पोस्टाने विद्यापीठाकडे गेल्या. पावती जपून ठेवली आहे.

कलम सातबद्दल आपण लिहिलेत. आपण सांगण्याआधीच मी ते तीनदा वाचले होते आणि त्याची योग्य ती काळजी घेतली आहे. आपण निर्धास्त राहावे. आपल्या पत्रातही त्याचा उल्लेख पाहून बरे वाटले, कारण टाइप करताना मला जरा धाकधूक होती.

अर्थशास्त्राच्या सरांना आपला प्रश्न विचारला. ते दहा मिनिटे बोलतच राहिले. शेवटी माझ्याच पेनाने सही केली आणि पेन खिशात घालून गेले. ते परत मागण्याचे धैर्य झाले नाही. त्याच पेनाने मराठीच्या सरांची सही घ्यायची होती. ती आज सकाळी घेतली.

समितीसाठी शनिवार, १९ फेब्रुवारी ही तारीख योजली आहे. त्या दिवशी अष्टमी आहे. तिथीचे पाऊणपट केले की भरतीची वेळ मिळते. आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बरोबर बाराला. पाहणी करून साहेबांना एक वाजता जेवता येईल. हे गणित मी दोनदा तपासले.

चारुदत्त


पुणे
१९ जानेवारी १९९४

प्रिय चारुदत्त,

शाबास. कलम सातबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास. दुसरा कोणी असता तर पानभर आभार मानले असते. तुझी धाकधूक मला समजते. पण आता ती सोड.

तारखेचं मात्र नुसत्या गणितावर जाऊ नकोस. कोळीवाड्यात जाऊन भामाला विचार. तिवरांत मला पहिल्यांदा तिनेच नेलं होतं. त्या दिवशी माझी एक चप्पल तिथेच राहिली. मी गेले की ती अजून विचारते, "चप्पल न्यायला आलाव का?"

डॉक्टर आणखी सहा आठवडे म्हणतात. मी तीन धरून चालले आहे.

रमा


पनवेल
बुधवार, २ फेब्रुवारी १९९४

आदरणीय मॅडम,

उत्तराला उशीर झाला. क्षमा असावी. कारण पुढे लिहितो.

रविवारी कोळीवाड्यात गेलो. भामाबाई जाळे सोडवत बसल्या होत्या. शेजारी त्यांची मुलगी गोदू टोपलीतली निवटी मोजत होती. निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारतात ते मासे, हे आपल्याला ठाऊकच आहे. मी दर पंधरवड्याला पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या भरायला जातो, म्हणून त्या मला नावाने हाक मारत नाहीत.

"काय रं बाटलीवाल्या, आज हात रिकामे?"

मी तारीख सांगितली. अष्टमी, दुपारी बारा.

त्या एवढ्या हसल्या की जाळे हातातून सुटले. "आष्टमीला? गोदे, आइकलंस का? ह्यो सायबांना आष्टमीला चिखल दावनार हाय!"

मी म्हणालो, "पण ओहोटी बाराला आहे ना?"

"हाय की. पन कसली ओहटी? आष्टमीला भांगाचं पानी. भरती बी अर्धी, ओहटी बी अर्धी. सायेब काठावर उबं राहून पानीच बगतील आनि घरी जातील."

गोदूने मान वर न करता सांगितले, "बारस धरा. पानी चांगलं उतरतं. तीन वाजता."

द्वादशीचे पाऊणपट नऊ. भरती नऊला, ओहोटी तीनला. वेळ माझ्या गणितात होती, पण पाणी किती उतरते ते गणितात नव्हते. चुकीची तारीख जवळजवळ गेलीच होती. आता बुधवार, २३ फेब्रुवारी, दुपारी तीन ही वेळ कॉलेजच्या फोनवरून कळवली आहे आणि विद्यापीठाचा होकारही आला आहे.

आता दुसरी गोष्ट. ती लिहिण्यासाठीच हे पत्र आठ दिवस रखडले.

जासईच्या एका कंटेनर यार्डात टॅली क्लार्कची जागा आहे. आलेल्या-गेलेल्या कंटेनरचे क्रमांक तपासून लिहायचे. बाबांच्या ओळखीने झाले. पगार चौदाशे. इथे मला साडेसहाशे मिळतात आणि दर सहा महिन्यांनी नोकरीत खंड देतात, हे आपण जाणता. २८ फेब्रुवारीपर्यंत होकार द्यायचा आहे. तो द्यावा असे ठरवले आहे.

अभ्यासक्रम मंजूर झाला तर मला फार आनंद होईल. पण त्यात माझ्यासारख्याला जागा नाही, आणि ते रास्तच आहे. कलम आठमध्ये मदतनिसाचे पद आहे, पण ते पहिली तीन वर्षे भरता येणार नाही, असे कुमुदताई म्हणाल्या. बारावीला दोनदा नापास झालेल्या माणसाने बाटल्या भरल्या, एवढे पुष्कळ झाले. समितीची भेट पार पाडूनच जाईन. प्रत्येक बाटलीवर तारीख, वेळ आणि तिथी आहे. वहीत कोणालाही लागेल अशा अक्षरात सर्व लिहून ठेवीन.

आपण रागावू नये.

चारुदत्त


पुणे
७ फेब्रुवारी १९९४

चारुदत्त,

मला काही कळत नाहीये. तुझं पत्र तीनदा वाचलं.

जागा नाही म्हणजे काय? मग कलम सात मी कोणासाठी लिहिलं? माझ्याकडे कच्ची प्रत आहे, त्यातून उतरवते: "प्रवेशपात्रता: दहावी उत्तीर्ण, आणि खाडी, शेत, मिठागर किंवा प्रयोगशाळा येथे तीन वर्षांचा कामाचा अनुभव. वीसपैकी पाच जागा अशा उमेदवारांसाठी."

प्रयोगशाळा हा शब्द मी उगाच घातला का? तू वाचलंस, तीनदा वाचलंस, काळजी घेतलीस असं लिहिलंस.

काय काळजी घेतलीस?

टाइप केलेली एक प्रत ताबडतोब पाठव.

रमा


पनवेल
बुधवार, १६ फेब्रुवारी १९९४

आदरणीय मॅडम,

आपले पत्र शुक्रवारी मिळाले. पाच दिवस उत्तर लिहिले नाही. लिहिता आले नाही. प्रत सोबत आहे. पान २६ पाहावे.

ते पान मसुद्यात पुसट होते हे पहिल्या पत्रात लिहिले होते, पण त्याच्या आड लपत नाही. शब्द मला नीट लागले होते. कलम सात विद्यार्थ्यांच्या पात्रतेचे. त्यात "दहावी" पाहिले. कॉलेजात दहावीवर प्रवेश कसा, असे वाटले. कुमुदताईंना विचारले. त्या म्हणाल्या, "बारावीशिवाय इथे फक्त शिपाई घेतात. बाईंचं औषधाच्या गुंगीत झालं असेल." मग पुढचे कलम पाहिले. मदतनिसाची पात्रता. तिथे जागा कोरी होती. दहावी, प्रयोगशाळा, तीन वर्षे काम. वाचताच मला वाटले, हे तर माझेच वर्णन आहे, म्हणजे हे मदतनिसाचेच असणार. ओळ चुकून एक कलम वर गेली असणार. मी ती खाली, कलम आठमध्ये घेतली. सातमध्ये "बारावी उत्तीर्ण" घातले. पाच राखीव जागांचा उल्लेख मग कुठेच बसेना, म्हणून तो गाळला.

एकदाही मनात आले नाही की तो माणूस विद्यार्थी असू शकतो.

दुसऱ्याच्या चुका शोधण्यात मी स्वतःला हुशार समजत होतो. आपले पत्र आले, "कलम सात नीट वाच," तेव्हा आपल्यालाही ती चूक आठवली असे समजून मी मनात खूश झालो.

आता काय करावे ते सुचत नाही. कुमुदताई म्हणतात, गप्प राहा, बारावी लिहिलेला प्रस्ताव सहज मंजूर होईल. अब्दुल्ला सर म्हणतात, "बेटा, खरं आहे ते सांग." पण तेही म्हणतात की सादर झालेला प्रस्ताव सदोष आहे असे आपणच सांगितले तर समिती तो परत पाठवू शकते. मग एक वर्ष गेले. आपण तिसऱ्यांदा पाठवला आहे, हे मी विसरलेलो नाही. चौथ्यांदा पाठवाल का, हे विचारण्याचे धैर्य नाही.

आणि सांगायचे कोणी? मीच. ज्याच्या फायद्याचे कलम आहे त्यानेच उठून सांगायचे की साहेब, इथे माझी सोय होती, ती राहून गेली. ते काय समजतील?

आपण सांगाल तसे करीन. आपण २३ तारखेला येऊ शकाल का?

चारुदत्त


पुणे
२१ फेब्रुवारी १९९४

प्रिय चारुदत्त,

नाही येऊ शकत. काल भिंतीला धरून बारा पावलं चालले आणि मग घाम फुटून पडून राहिले. तीन आठवडे म्हटलं होतं, ते डॉक्टरांनी नव्हे, मी स्वतःच ठरवलं होतं.

पहिले दोन दिवस तुझ्यावर फार चिडले होते. मग स्वतःवर. तीन वर्षं तुला "हे धू, ते भर, हे टाइप कर" एवढंच सांगितलं. शिक असं एकदाही तोंडाने म्हटलं नाही. कागदावर लिहून मोकळी झाले, आणि तू ते वाचूनच घेशील असं धरून चालले.

सांगायचं की नाही, ते मी सांगणार नाही. प्रस्ताव परत आला तर आला. पण एक लक्षात ठेव. ते कलम लिहिताना तू माझ्या डोळ्यांपुढे होतास, हे खरं. तरी ते फक्त तुझ्यासाठी असतं तर मी तुझ्यासाठी शिफारसपत्र लिहिलं असतं. कलम नसतं लिहिलं.

हे पत्र वेळेवर मिळेल की नाही, कोण जाणे.

रमा


पनवेल
गुरुवार, २४ फेब्रुवारी १९९४, सकाळी सव्वाअकरा

आदरणीय मॅडम,

आपले पत्र आत्ता मिळाले. समिती कालच येऊन गेली. घडले तसे लिहितो.

तिघे आले होते. अध्यक्ष उंच, अबोल, पांढरे बूट घातलेले. अब्दुल्ला सर, मी आणि ते तिघे असे भामाबाईंच्या होडीतून पलीकडच्या तिवरांपाशी उतरलो. तीनला पाच मिनिटे कमी होती. पाणी इतके आत गेले होते की जवळजवळ दोनशे पावले चिखल उघडा होता. गोदूने फळ्या टाकून ठेवल्या होत्या. अध्यक्षांनी तिसऱ्याच पावलाला फळी सोडली.

"सायेब, बूट तितंच ऱ्हाऊ द्या," भामाबाई ओरडल्या. "आदी पाय काडा!"

मला वाटले, संपले. पण त्यांनी दोन्ही बूट काढून हातात घेतले, विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि पुढे निघाले. मग ते तासभर प्रश्न विचारत होते. उत्तरे अब्दुल्ला सर देत होते, आणि सर अडले की भामाबाई. खाडीला मधूनच तांबडे पाणी येते, ते केव्हापासून? "दोन वर्सं झाली. पन रोज नाय. आवसेच्या मोट्या भरतीला येतं, तेवडंच." अध्यक्ष म्हणाले, याला नोंदीचा आधार काय? सरांनी माझी वही पुढे केली. त्यांनी तिथीचा रकाना वरून खाली पाहिला, पान उलटले, पुन्हा मागे आले. 'तांबडे पाणी' लिहिलेल्या अमावस्येच्या नोंदींवर बोट ठेवून दुसऱ्या सदस्यांना दाखवले. माझ्याकडे मात्र पाहिले नाही.

खरे सांगतो, मी तोपर्यंत गप्प राहायचे ठरवले होते. सगळे इतके चांगले चालले होते. एवढे झाल्यावर बिघडवायला नको, अशी मी मनाची समजूत घातली होती.

परतताना होडीत भामाबाईंनी वल्हे थांबवून विचारले, "सायेब, ह्ये शिकवनार ते आमच्या गोदूला शिकवाल का? दहावी पास हाय. पाच वर्सं माज्यासंगं चिखलात हाय."

अध्यक्षांनी पिशवीतून प्रस्ताव काढला. पान २६ उघडले. "बाई, यात बारावी लागते."

"मंग आमी तुमाला दावायचं, आनि शिकायचं दुसऱ्यांनी?" भामाबाई म्हणाल्या. रागाने नाही. भाव सांगावा तशा म्हणाल्या. गोदू पाण्याकडे पाहत राहिली.

अब्दुल्ला सरांनी माझ्याकडे पाहिले आणि नजर काढून घेतली.

मी उभा राहिलो. होडीत उभे राहू नये हेही भान राहिले नाही. भामाबाई ओरडल्या, "बस रं बाटलीवाल्या, उलटशील!" तसा बसलो आणि बसूनच सांगितले. मूळ मसुद्यात दहावी आहे. पाच जागा आहेत. टाइप करताना मी बदलले. मॅडमना माहीत नव्हते. का बदलले, असे अध्यक्षांनी विचारले. मी म्हणालो, "सर, मी स्वतः बारावी नापास आहे. असा माणूस विद्यार्थी असेल असे मला वाटलेच नाही. मला वाटले, तो मदतनीसच असणार."

होडी धक्क्याला लागली.

अध्यक्ष म्हणाले, "सादर झालेल्या प्रस्तावात असा बदल करता येत नाही. नियमाप्रमाणे हा परत जायला हवा." मग चिखलाच्या पायांनी धक्क्यावरच बसले. आपली कच्ची प्रत आहे का, विचारले. मी आपले ७ तारखेचे पत्र शर्टाच्या खिशातून काढून दिले. दुसरा पुरावा माझ्याकडे नव्हता. कलम आपण त्यात उतरवले होतेत. त्यांनी सर्व पत्र वाचले, वरचा मजकूरही. मला मान वर करता येईना.

"तिन्ही प्रतींत मूळ कलम समासात लिहा," ते म्हणाले. "खाली लिहा, चूक टंकलेखकाची. सही करा, तारीख घाला. उरलेल्या सात प्रती विद्यापीठात आहेत. तिथे येऊन तेच करा. मंजूर होईल असं मी म्हणत नाही. पाच जागांवर तर नक्कीच भांडण होईल. पण ज्यावर भांडायचं ते तरी मूळचं असू द्या."

धक्क्याच्या दगडावर कागद ठेवून तीनदा लिहिले. अशा कागदावर माझी सही याआधी कधी झाली नव्हती. लिहून झाल्यावर पुन्हा तपासले. वडे आणि चहा झाल्यावर ते गेले.

प्रस्ताव बुडाला असेल तर तो माझ्यामुळे. यार्डाला २८ तारखेला काय कळवायचे ते अजून ठरत नाही. बाबा रोज विचारतात.

चारुदत्त


पनवेल
सोमवार, २७ जून १९९४, संध्याकाळी साडेचार

आदरणीय मॅडम,

आताच नोटीस बोर्डापुढून आलो. यादी तीनदा वाचली. एकदा चष्मा पुसूनही वाचली.

एप्रिलमध्ये अभ्यासक्रम मंजूर झाल्याचे आपल्याला प्राचार्यांकडून कळलेच आहे. कलम सातच्या पाच जागांच्या दोन झाल्या, तेव्हा आपण लिहिले होतेत, "दोन तर दोन, दार तर उघडलं." मला मात्र तेव्हापासून झोप नव्हती, कारण त्या दोन जागांसाठी चौदा अर्ज आले. मिठागरावरचे तिघे, एक वनरक्षक, आणि पेणच्या रोपवाटिकेतले चाळिशीचे एक गृहस्थ. ते मुलाखतीला माझ्या शेजारी बसले होते आणि माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते. अब्दुल्ला सर मुलाखतीच्या समितीत होते, पण माझे नाव आल्यावर बाहेर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "उद्या कोणी बोट दाखवायला नको, बेटा."

पहिले नाव गोदूचे आहे. दुसरे माझे.

यार्डाला फेब्रुवारीतच नकार कळवला होता. आपल्याला सांगितले नाही, कारण प्रवेश मिळाला नसता तर आपल्याला वाईट वाटले असते. बाबा चार महिने माझ्याशी मोजकेच बोलतात. आज यादीचे सांगितले तर म्हणाले, "पुन्हा नापास झालास तर?" प्रयोगशाळेचे काम सकाळी आणि वर्ग दुपारी, असे प्राचार्यांनी मान्य केले आहे.

फी भरताना कुमुदताईंनी पावती फाडली. नाव लिहिताना थांबल्या आणि म्हणाल्या, "चारुदत्त, विद्यार्थी या रकान्यात लिहू ना? की कुठे खाली घेऊ?" मग स्वतःच हसल्या. मलाही हसू आले.

आपण १ जुलैला रुजू होत आहात. पहिला तास आपला आहे. भामाबाईंनी निरोप दिला आहे की दुसरी चप्पल घालून यावे.

आपल्या चारशे रुपयांचा हिशेब खाली देत आहे.

जमा, आपल्याकडून: ४००.००

खर्च
स्टेन्सिल ३५ (एक खराब): १२२.५०
कागद, दोन रीम: ११६.००
शाई: ३८.००
रजिस्टर्ड पोस्ट: २१.५०
समितीचा चहा व वडे: २७.००
अध्यक्षांच्या बुटांसाठी ब्रश व पॉलिश: ६.५०
एकूण: ३३१.५०

शिल्लक ६८.५०, आपण आल्यावर हातात देईन.

सात प्रती दुरुस्त करायला विद्यापीठात जाण्यायेण्याचे ३२.०० धरलेले नाहीत. चूक माझी होती.
प्रवेश अर्जाचे १०.०० धरलेले नाहीत. अर्ज माझा होता.

देणे
भामाबाईंना, होडीचे: २०.००. दोनदा नेऊन दिले, घेत नाहीत. म्हणतात, गोदूला गणितात मदत कर, फिटलं.
कॉलेजला, वर्षाची फी १८०.००, पैकी भरले ९०.००. बाकी, विद्यार्थी म्हणून: ९०.००

चारुदत्त